पट्टीखालचा रंग

वाद्यांचा दुकानदार गिटार बघायला येणार म्हणून दादा सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. परक्या माणसाला वाटलं असतं, विकायचाय तो दादाच.

दुकानदार आला, चहा नको म्हणाला, मग दोन कप प्यायला, आणि पेटी उघडून बराच वेळ नुसता बघत राहिला. बेस गिटार होती ती. चार जाड तारांची, वजनदार, चाळीसेक वर्षं दादाच्या खांद्यावर लटकलेली. क्लब, हॉटेलं, लग्नाचे हॉल, जिथून बोलावणं येईल तिथे ती दादाबरोबर गेली होती आणि सगळं अंगावर घेऊन आली होती. उजवा हात टेकायचा तिथला हिरवा रंग उडून लाकूड उघडं पडलं होतं. पाठीवर कमरेच्या पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे. अंगठा ठेवायची जागा झिजून जुन्या पायरीसारखी गुळगुळीत.

"रंगाला कुणी हात लावलाय?" दुकानदाराने विचारलं.

"अजून नाही, पण लावतोय," दादा म्हणाला. "हा माझा धाकटा भाऊ. फर्निचरला पॉलिश करतो. विकायच्या आधी नवीकोरी करून देणार आहे."

खुर्चीच्या कडेवर बसलेल्या धाकट्याने मान डोलावली. त्याने साठी ओलांडली होती, पण दादा असेपर्यंत तो धाकटाच राहणार होता, आणि दादाची प्रकृती आता बरी होती.

दुकानदाराने कप खाली ठेवला. "काही करू नका. अगदी पुसूसुद्धा नका. जुनी वाद्यं घेणाऱ्यांना हाच रंग लागतो, हेच टवके लागतात. नवा रंग चढवलात की ती जुनी राहिली नाही आणि नवी झाली नाही. अर्धी किंमत तिथेच गेली."

तो जिना उतरेपर्यंत दादाने दम धरला. मग सुटला.

"पुसूसुद्धा नका म्हणे! माणूस कोपऱ्यावरून दूध आणायला जातो तरी तोंड धुऊन जातो. आणि ही परक्याच्या घरी अशी जाणार? अंगावरची सालं निघालेली?"

"किंमत अर्धी होईल म्हणाला ना तो," धाकटा म्हणाला.

"होऊ दे. कमी घेईन, पण लाज घेणार नाही."

हा दादाचा जुना खाक्या. त्याच्या खात्यात पैशाला एक रकाना होता आणि रुबाबाला तीन. आजारपणानंतर डाव्या हाताची दोन बोटं त्याचं ऐकेनाशी झाली, तेव्हा त्याने वाजवणं एका दिवसात बंद केलं. अडखळत वाजवलेलं कुणी ऐकलेलं त्याला चाललं नसतं. तीन वर्षं गिटार कपाटाशेजारी उभी होती आणि येता-जाता त्याच्याकडे बघत होती. शेवटी तोच म्हणाला, कुणीतरी वाजवेल तरी, काढून टाकू.

"धाकट्या, सगळं खरवडून टाक," तो आता म्हणाला, "आणि पक्का हिरवा दे. होता तसा."

आतून भांड्याचा आवाज थांबला. वहिनी पदराला हात पुसत दारात आली.

"होता तसाच द्यायचा असेल भावजी, तर निळा द्या."

झालं. धाकट्याने खुर्ची जरा मागे सरकवली.

हे भांडण या घरात इतकी वर्षं राहत होतं की त्याला पाहुणा म्हणण्यात अर्थ नव्हता. त्याची सुरुवात एका लग्नाच्या वाढदिवशी झाली. घरात माणसं जमली होती, कुणीतरी वहिनीला विचारलं की तुमचं जमलं कसं. ती म्हणाली, टेलिफोन खात्यातल्या मैत्रिणींबरोबर क्लबच्या कार्यक्रमाला गेले होते, स्टेजवर ती निळी गिटार दिसली, आणि मग घरी जायचं सुचेना. दादा म्हणाला, "निळी? माझी तर हिरवी." त्या दिवशी त्या स्टेजवर दोन बँड आळीपाळीने वाजवत होते. दुसऱ्या बँडमध्ये बेस वाजवणारा एक उंच, देखणा, कुरळ्या केसांचा माणूस होता, सगळे त्याला लांब्या म्हणायचे. "निळी त्या लांब्याची असेल," दादा म्हणाला. माणसं पोट धरून हसली. दादाही हसला. पण हसणं संपल्यावर त्याचा चेहरा जागेवर यायला इतरांपेक्षा थोडा जास्त वेळ लागला, हे धाकट्याने पाहिलं होतं.

तेव्हापासून वहिनी म्हणे निळी, दादा म्हणे हिरवी. फोटो होते, पण त्या काळातले, काळे-पांढरे. त्यांत गिटार करडी दिसे आणि दोघांनाही आपल्या बाजूची वाटे. वहिनीचा तर्क साधा होता: नवऱ्याने मधेच कधीतरी रंग बदलून घेतला आणि आता कबूल करत नाही. रंगवणारा तर घरातलाच होता. "भावजी, खरं सांगा, कधी रंगवलीत?" असं ती त्याला दर दोन-चार महिन्यांनी, पाव कापता कापता, काहीच नसल्यासारखं विचारी. धाकटा शपथा घेई. त्याच्या शपथेला दोन्ही बाजूंकडून भाव नव्हता.

हे सगळं गमतीचं होतं, आणि गमतीतच राहिलं असतं. पण आजारपणात, हॉस्पिटलमध्ये दुपारच्या वेळी, वहिनी औषधं आणायला खाली गेली असताना दादाने छताकडे बघत विचारलं होतं, "धाकट्या, हिने लांब्यालाच बघितलं असेल का रे आधी?"

"झोप तू."

"तो काही हाताला लागला नसेल, म्हणून मग मी. वाईट काही झालं नाही, चांगलीच गेली वर्षं. पण कधीकधी वाटतं, दुसऱ्याच्या नावाचं पाकीट मी उघडून बसलोय."

 धाकट्याने पांघरूण ओढून दिलं. पांघरूण आधीच नीट होतं.

म्हणून आता दादा हिरव्या रंगासाठी का अडून बसलाय, हे धाकट्याला कुणी सांगायला नको होतं. गिटार घरातून जाणार. जाताना ती पक्की हिरवी होऊन गेली, म्हणजे निदान डब्यातल्या रंगाने तरी दादा जिंकला.

"घेऊन जा," दादा म्हणाला. "आणि हिचं ऐकू नकोस."

"माझं कोण ऐकतंय," वहिनी म्हणाली. "मी फक्त तिथे होते."

चाळीस वर्षांत दादाने गिटार धाकट्याच्या हातात दिली ती ही पहिली वेळ. तशी ती एकदा दिली होती, बस पकडताना, दोन मिनिटं, आणि ती दोन मिनिटंही दादा "खाली टेकवू नकोस" म्हणत होता.

धाकट्याचं वर्कशॉप म्हणजे एका इमारतीमागची पत्र्याची शेड. स्पिरिटचा आणि लाकडाच्या भुशाचा वास तिथे इतका मुरला होता की रविवारी दार बंद असलं तरी गल्लीत येई. आत नेहमी दहा-बारा तरी लंगडी, ओरखडलेली, कपाचे गोल डाग पडलेली खुर्च्या-टेबलं वाट बघत असत. लोकांचे संसार तो रंगावरून वाचायचा. टेबलाच्या कोणत्या बाजूला हाताचा घाम जास्त लागलाय यावरून घरात कुणाची चलती आहे ते सांगायचा, आणि बहुतेक बरोबर सांगायचा. स्वतः मात्र बिनलग्नाचा राहिला होता. "जुनं नवं करतो, नव्याच्या वाटेला जात नाही," असं त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर होतं.

गिटार त्याने घोंगडीवर आडवी ठेवली. तारा सैल करून काढल्या. आणि खरं सांगायचं तर त्याचे हात शिवशिवले. दुकानदार काहीही म्हणो, एवढं सुंदर अंग आणि त्यावर ही दशा! चार दिवसांत तो तिला आरशासारखी करू शकला असता. उभ्या जन्मात दादाने त्याच्या एकाही कामाला "छान" म्हटलं नव्हतं. फार तर "बरं झालंय" म्हटलं होतं. हे काम बघून म्हणाला असता.

त्याने हिरव्या रंगाचा नमुना फळीच्या तुकड्यावर लावून वाळत ठेवला, पॉलिश पेपर कापला. मग नेहमीच्या सवयीप्रमाणे, दिसणार नाही अशी जागा शोधली. टेबल असलं तर तो खालच्या बाजूला आधी घासून बघे. इथे अशी सहज उघडणारी जागा एकच होती, तारांखालची ती मोठी प्लास्टिकची पट्टी, तपकिरी ठिपक्यांची. तिचे स्क्रू त्याने एकेक करून काढले, पट्टी उचलली.

खाली निळा रंग होता.

निळसर नाही. निळा. आत रुपेरी चुरा मिसळलेला, नव्या मोटारीच्या अंगावर असतो तसा, हसरा निळा. पट्टीचा आकार जसाच्या तसा उमटला होता. रेषेच्या आत निळं, रेषेच्या बाहेर हिरवं.

धाकटा स्टुलावर बसला. मग त्याने स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला, खरोखरीचा, आवाज येईल असा.

रंगावरून मारलेलं पारदर्शक लॅकर पिवळं पडतं. उन्हाने पडतं, सिगरेटच्या धुराने पडतं, वर्षांनी पडतं. हे तो रोज गिऱ्हाइकांना सांगत असे. पांढरी कपाटं त्याच्याकडे लोण्याच्या रंगाची होऊन येत आणि मालक म्हणत, "छे, पहिल्यापासून अशीच आहेत." त्यांना तो दार उघडून आतली कड दाखवी. आणि निळ्यावर पिवळं चढलं की काय होतं, हे रंगपेटी हातात घेतलेलं पोरही सांगेल. धुराने भरलेल्या क्लबांत वर्षानुवर्षं उभी राहिलेली गिटार हळूहळू हिरवी होत गेली, आणि रोज तिला बघणाऱ्या दादाची आठवणही तिच्याबरोबर हिरवी होत गेली. वहिनीने मात्र ती एकदाच नीट पाहिली होती. नंतर तिला गिटारशी काय घेणं होतं! तिच्या डोळ्यात पहिला रंग तसाच राहिला.

घरातला एकच माणूस हे सांगू शकत होता, आणि तो वर्षानुवर्षं शपथा घेत बसला होता. गिटार हे त्याचं खातं नव्हतं, म्हणून त्याने कधी तिच्याकडे रंगाऱ्याच्या नजरेने पाहिलंच नाही.

आता करायचं काय? सांगितलेलं काम केलं, तर संध्याकाळपर्यंत निळं आणि हिरवं दोन्ही भुशाच्या ढिगात गेलं असतं. न करता गेला, तर दादाला एक वाद हरावा लागणार होता, आणि दादाला हरायची सवय नव्हती. पण त्या हरण्यात त्याला जे मिळणार होतं, ते हिरव्या रंगाच्या कुठल्याच डब्यात मिळत नव्हतं. धाकट्याने कापलेला पॉलिश पेपर घडी करून खिशात टाकला, गिटार होती तशी, पट्टीविना, चादरीत गुंडाळली आणि निघाला.

दुपारच्या जेवणाची तयारी चालली होती. त्याने ताटं बाजूला सारून गिटार थेट जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि चादर काढली.

दादाने बघितलं. चष्मा लावून बघितलं. मग चष्म्यावरून धाकट्याकडे बघितलं.

"तिने सांगितलं तुला हे?"

"काय?"

"निळा फासायला. पट्टीखाली. वा! किती घेतलेस तिच्याकडून?"

"दादा, अरे खालचा मूळ रंग आहे तो. बाकीचं लॅकर पिवळं पडून—"

"मला लॅकर शिकवू नकोस. तुझा धंदाच तो. काल घासलेल्या टेबलाला तू शंभर वर्षं जुनं करून विकतोस."

"विकत नाही, गिऱ्हाईक मागतं म्हणून करून देतो."

"तेच ते!"

धाकट्याला हसावं की रडावं कळेना. आयुष्यभर जे कसब कमावलं, ते आज त्याच्याच अंगाशी आलं होतं.  वहिनी टेबलाशी उभी राहून त्या निळ्याकडे बघत होती, आणि जिंकलेल्या माणसाच्या तोंडावर जे असतं ते तिच्या तोंडावर अजिबात नव्हतं.

"बरं," धाकटा म्हणाला, "माझ्यावर भरवसा नाही ना? मग मी हात लावत नाही. ही आवाजाच्या बटणांखालची पट्टी बघ. स्टीलची. हिचे स्क्रू गंजलेत, मी वर्कशॉपमध्ये उघडली नाही, कधी कुणी उघडलेली नाही. तू उघड. तुझ्या हाताने."

त्याने स्क्रू ड्रायव्हर दादासमोर ठेवला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहिला.

दादाने तो उजव्या हातात घेतला. डावा हात गिटार धरायला गेला, पण बोटं नीट मिटेनात, गिटार टेबलावर सरकायला लागली. धाकटा पुढे होणार, तेवढ्यात वहिनीने खुर्ची ओढली, बसली, आणि गिटार दोन्ही हातांनी आवळून धरली.

"फिरवा," ती म्हणाली. "मी धरलीय."

पहिला स्क्रू कुरकुरला आणि सुटला. दुसऱ्याला दादाचा घाम निघाला. वहिनीने मधेच उठून त्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब सोडला आणि पुन्हा धरून बसली. तिसऱ्याने गंजाची पूड टाकली. पट्टी बटणांसकट, वायरींसकट अलगद उचलली गेली. खाली धुळीची एक मऊ, राखाडी गादी तयार झाली होती. तशी धूळ कोणत्याही रंगाऱ्याला बनवता येत नाही. दादाने तर्जनीने ती बाजूला केली.

निळं.

त्याने आणखी थोडी बाजूला केली. तिथेही निळं.

 बोट तिथेच ठेवून, मान वर न करता तो म्हणाला, "म्हणजे माझीच होती."

"तेच सांगतेय मी. घसा बसला माझा सांगून."

"मला वाटलं, लांब्याची."

"कोण लांब्या?"

"अगं लांब्या! दुसऱ्या बँडमधला. उंच, कुरळे केस..."

वहिनीने आठवायचा प्रामाणिक प्रयत्न केला. "नाही बाई. दुसरा बँड होता का?"

दादाने आता मान वर केली. इतकी वर्षं जो माणूस या घरात त्याच्या आणि तिच्या मधे उभा होता, त्याला तिने कधी बघितलंच नव्हतं. धाकट्याला एकदम खिडकीबाहेरच्या रस्त्यात फार रस वाटायला लागला.

"मग तू काय बघत होतीस?" दादाने विचारलं. 

"तुम्हाला. बाकी सगळे लोकांकडे बघून दात दाखवत होते. गाणारा तर विचारू नका. आणि तुम्ही एकटे मान वाकडी करून ड्रम वाजवणाऱ्याच्या पायाकडे बघत होता. पूर्ण वेळ! मला वाटलं, या माणसाचं काय हरवलंय तिकडे?"

"ठोका धरायला लागतो त्याच्याबरोबर," दादा म्हणाला. "पाय बघितला की चुकत नाही."

"ते नंतर कळलं. तेव्हा वाटलं, लाजतोय. म्हटलं, वर बघेल तेव्हा बघेल, आपण थांबू."

"मग?"

"मग काय, कार्यक्रम संपला तरी बघेनात. शेवटी मीच स्टेजजवळ आले आणि विचारलं, काही सापडलं का?"

दादा हसला. वाढदिवसाच्या दिवशी हसला होता तसा नाही. हे हसू आतून निघालं, आणि त्याला परत आत जायची घाई नव्हती. वहिनीही हसली. गिटार अजून तिच्या हातांत आवळलेली होती, सोडायची राहून गेली होती.

मग दादा दादावर आला. हातातला स्क्रू ड्रायव्हर टेबलावर आपटून म्हणाला, "धाकट्या, ठरलं. सगळी निळी कर. होती तशी! पहिल्या दिवसासारखी."

धाकट्याने वहिनीकडे पाहिलं. ती नकारार्थी मान हलवत होती.

"का गं? तुझीच निळी ना?"

"माझी आहेच. पण एका संध्याकाळची. नंतर हिरवी झाली ती माझ्यासमोरच झाली ना? आपल्या पोरीच्या परीक्षांत तुम्ही आवाज बंद करून वाजवायचात ती हिरवीच. पहाटे घरी येऊन माझी झोपमोड नको म्हणून चपला हातात घेऊन यायचात, आणि ही धाडकन दाराला आपटायची, तीही हिरवीच. तो कडेचा टवका आपल्या दाराचा आहे. ते सगळं खरवडायचं? मला नाही पटत."

"पण सालं निघालीयत अंगाची."

"आपली काय कमी निघालीयत?"

 दादाने धाकट्याकडे पाहिलं, जणू उत्तर त्याच्याकडून उसनं मिळेल. धाकट्याने खिशातला पॉलिश पेपर चाचपला. करायला मिळालं असतं तर त्याच्या हातून घडलेलं सगळ्यात देखणं काम ठरलं असतं ते, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. थोडं हळहळलाही तो.

"मी हात लावणार नाही, दादा," तो म्हणाला. "दुकानदार म्हणाला म्हणून नाही. मलाच जमणार नाही."

"तुला? जमणार नाही?" दादा चकित झाला. मग म्हणाला, "तुला जमणार नाही असं काही नाहीये. तुझं काम मी बघितलंय."

धाकट्याने ते ऐकून घेतलं आणि काहीच ऐकलं नसल्यासारखा स्क्रू गोळा करायला लागला. दोन स्क्रू त्याच्या हातून खाली पडले.

दादाने दुकानदाराला फोन लावला. "हो, तीच. जशी आहे तशी. नाही नाही, पुसलीसुद्धा नाही. रंग? मूळ निळा आहे, तुमच्या गिऱ्हाइकाला पट्टी उघडून दाखवू." पलीकडचा माणूस बहुधा लगेच निघायच्या तयारीत होता. "आज नको. या रविवारीही नको. त्याच्या पुढच्या रविवारी या."

"एवढा उशीर कशाला?" वहिनीने हळू विचारलं.

दादाने फोनवर हात ठेवला. "मी बघतोय ना अजून."

जेवायची वेळ टळून गेली होती. धाकटा म्हणाला, गिटार उचलून पलंगावर ठेवतो, पण दादा ऐकेना. शेवटी वहिनीने तीन ताटं टेबलाच्या कडेला जशी मावतील तशी मांडली. धाकट्याचं ताट निम्मं बाहेर लोंबत होतं, ते त्याने गुडघ्याने सावरून धरलं. जेवताना दादा मधूनच वाकून त्या निळ्या तुकड्याकडे बघत होता, आणि वहिनी त्याला म्हणत होती, "अहो, सांडेल. पुढे बघून जेवा."